चिठ्ठीवरून पोत्यापर्यंत: जुन्या पिकअपमधले इंजिन कोड समजून घेताना

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या पिकअपमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि पुढच्या दीड महिन्यात त्या दिव्यापायी गाडीचे तीन सुटे भाग बदलले गेले. गाडी २०१२ची, एमपी ०९ पासिंगची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची, म्हणजे दाबलेले डिझेल ‘रेल’ नावाच्या एका सामाईक नळीतून इंजिनाला मिळते अशी. निमाडातून भाजी भरून ती पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीत येते. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये स्कॅनर लागला, प्रत्येक वेळी तोच कोड, म्हणजे संगणकाने बिघाडाची नोंद केलेला अक्षर-अंकांचा संकेत, आला, कोडच्या नावात ‘रेल प्रेशर’ हे शब्द होते म्हणून रेलशी नाते असलेला एकेक भाग बदलला गेला, आणि दोन-चार फेऱ्यांनंतर दिवा पुन्हा लागला. यात कोणाचीही लबाडी नव्हती. कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव, असा जो समज आपल्याकडे पक्का होऊन बसला आहे, त्याची ही किंमत होती. ज्यांचे पोट अशा जुन्या गाडीवर चालते, त्यांना मिस्तरीशी नेमके बोलता यावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी स्वतः पीथमपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे काम करतो, त्यामुळे या विषयाकडे मी तारांच्या आणि व्होल्टेजच्या बाजूने पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो.

इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ईसीएमला, इंजिन दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते केवळ तारांवरून आलेले व्होल्टेज. बहुतेक सेन्सरना तो ५ व्होल्टचा पुरवठा करतो आणि त्यांतून परत येणारा आकडा वाचून पाण्याचे तापमान, रेलमधला डिझेलचा दाब, आत येणारी हवा यांचा अंदाज बांधतो. मंडीत अडत्याच्या गादीवर बसणाऱ्या मुनिमाचे काम असेच असते. त्याच्यापुढे काट्यावरची चिठ्ठी येते. पोते तो पाहत नाही. चिठ्ठीवरचे वजन ठरल्याप्रमाणे नसेल तर वहीत ‘वजन जुळत नाही’ एवढेच तो लिहू शकतो. माल खरोखरच कमी भरला होता, काटा चुकला होता, की चिठ्ठी आणताना आकडा पुसला गेला, हे त्याला गादीवरून कळणार नाही. कोडच्या मागेही याच तीन शक्यता असतात. मोजली जाणारी गोष्टच बिघडलेली असते, किंवा ती मोजणारा सेन्सर बिघडलेला असतो, किंवा सेन्सर आणि संगणक यांच्यामधली तार, कपलर (तारांची जोडणी) अथवा अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी जोडणी, खराब झालेली असते. निदान म्हणजे या तिघांपैकी कोण, हे मोजून ठरवणे. आणि ते ठरवण्यापूर्वी पाकीट बाहेर काढायचे नाही.

कोडची रचना थोडक्यात समजून घेऊ. पहिले अक्षर ‘पी’ असेल तर तो इंजिन किंवा गिअरबॉक्सचा कोड, ‘सी’ चासीचा, ‘बी’ बॉडीचा आणि ‘यू’ म्हणजे गाडीतले संगणक एकमेकांशी बोलू न शकल्याचा. पुढचा अंक ० असेल तर त्या कोडचा अर्थ सर्व कंपन्यांत सारखा असतो. १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा कोड असतो आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या दुरुस्तीपुस्तकात पाहावा लागतो. त्यानंतरचा अंक विभाग दाखवतो: १ आणि २ हे हवा-इंधनाचे, ३ हा मिसिंगचा, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकण्याचा, आणि प्रज्वलनाचा, ४ हा प्रदूषण-नियंत्रणाचा. शेवटचे दोन अंक नेमकी तक्रार सांगतात. इंटरनेटवर शोधताना ‘पी१’ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ दुसऱ्याच कंपनीच्या गाडीसाठी लिहिलेल्या मजकुरातून उचलला जातो, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

जुन्या गाडीच्या मालकाने एक गोष्ट आधी तपासावी, ती म्हणजे आपली गाडी मुळात ही सामायिक भाषा बोलते का. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सर्व नव्या कार आणि हलक्या ट्रकना ओबीडी-२ ही गाडीनेच बिघाड ओळखून सामायिक कोड देण्याची पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे ओबीडीची सक्ती भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकासोबत आली, आणि ते मानक २०१० साली आधी दिल्ली, मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत लागू झाले. त्या पहिल्या यादीत इंदूर नव्हते. देशभर ते १ एप्रिल २०१७ रोजी लागू झाले. म्हणजे एकाच वर्षी पुण्यात आणि इंदुरात पासिंग झालेल्या, दिसायला अगदी सारख्या दोन पिकअपांपैकी एक स्टेज ४ची आणि दुसरी स्टेज ३ची असू शकते, आणि दुसरीत संगणक असूनही तो सामायिक कोड देईलच याची खात्री नसते. अशा गाडीला कंपनीचा स्वतःचा स्कॅनर लागतो. काही जुन्या गाड्यांत चावी ऑन करून ठरावीक दोन पिना जोडल्या की पिवळा दिवाच लुकलुकून कोड सांगतो; मात्र कोणत्या दोन पिना हे त्या मॉडेलच्या पुस्तकात पाहिल्याशिवाय तारेला हात लावू नये.

स्कॅनर लावायचा सॉकेट सोळा पिनांचा असतो आणि बहुधा चालकाच्या गुडघ्यांजवळ, डॅशबोर्डखाली सापडतो. त्यात १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा आणि ४ व ५ क्रमांकांवर अर्थ असते. जुन्या गाड्यांत संभाषण बहुधा ७ क्रमांकाच्या पिनेवरून, के-लाइन नावाच्या एकेरी तारेवरून चालते. नव्या गाड्यांत ते ६ आणि १४ क्रमांकांवरच्या कॅन नावाच्या तारांच्या जोडीवरून चालते. बाजारात मिळणारी ब्लूटूथची स्वस्त उपकरणे यापैकी के-लाइनवर पुष्कळदा गप्प बसतात आणि मालकाला वाटते की गाडीचा संगणकच गेला. तेच उपकरण आधी एखाद्या नव्या गाडीत चालवून पाहावे आणि आपल्या सॉकेटमध्ये १६ आणि ४ या पिनांमध्ये १२ व्होल्ट येतात का ते मीटरने बघावे. व्होल्ट येत नसतील तर फ्यूज उडालेला असण्याचा संभव सर्वांत मोठा.

कोड मिळाला की पहिले काम म्हणजे तो लिहून ठेवणे, आणि पुसण्याचा मोह आवरणे. कोडसोबत बहुतेक संगणक ‘फ्रीझ फ्रेम’ साठवतात, म्हणजे बिघाड नोंदवला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, पाणी किती गरम होते, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार किती होता, याची नोंद. हा घटनास्थळाचा पंचनामा असतो आणि कोड पुसताच तोही पुसला जातो. गॅरेजमध्ये गाडी आत घेतल्याबरोबर ‘आधी डिलीट मारून बघू’ असे म्हणण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे सर्वांत उपयोगी पुरावा पहिल्याच मिनिटाला नष्ट होतो. ही सवय मोडायला हवी, असे मला मनापासून वाटते. शिवाय कोड दोन प्रकारचे असतात. एकदाच दिसलेला दोष ‘पेंडिंग’ म्हणून नोंदवला जातो आणि बहुतेक दोषांच्या बाबतीत तो लागोपाठच्या दुसऱ्या फेरीतही दिसला तरच दिवा लागतो. म्हणून दिवा बंद असतानाही पेंडिंग यादी पाहणे शहाणपणाचे असते.

दुसरे काम बॅटरी आणि अर्थ पाहण्याचे, आणि जुन्या पिकअपच्या बाबतीत मी याला सर्वांत जास्त वजन देतो. संगणकाचे सारे जग ५ व्होल्टच्या आत सामावलेले असते. तिथे अर्ध्या व्होल्टचा घोळदेखील मोठा असतो. थांबलेल्या गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना ती साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. अर्थ तपासण्यासाठी मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. या दोन टोकांमध्ये अगदी थोडा, व्होल्टच्या एक-दोन दशांशांचाच आकडा दिसायला हवा; अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर इंजिनाची अर्थ पट्टी सैल आहे किंवा गंजली आहे. पावसाळाभर चिखलात चाललेल्या गाडीत ही पट्टी बाहेरून धडधाकट दिसते, पण बोल्ट काढला की वॉशरखाली पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते. ती पॉलिश पेपरने घासून, पुन्हा आवळून, वर थोडे ग्रीस लावले की एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम नाहीसे झाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. एकाच वेळी पुष्कळ कोड आले, तर इतके सेन्सर एकदम मेले असे समजण्याऐवजी त्या सर्वांमध्ये सामाईक काय आहे ते शोधावे: एकच अर्थ, एकच फ्यूज, किंवा संगणकाकडून येणारी ५ व्होल्टची एकच तार.

आता कोडच्या नावातले शब्द वाचायला शिकू, कारण कोणती तपासणी करायची हे तेच सांगतात. नावात ‘सर्किट हाय’ किंवा ‘सर्किट लो’ असेल तर संगणकाची तक्रार व्होल्टेजविषयी असते, प्रत्यक्ष इंजिनाविषयी नसते. पी०११८ हा कोड घ्या. त्याचे नाव पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचे सर्किट हाय असे आहे. हे वाचून इंजिन गरम झाले असा अर्थ काढला जातो आणि थर्मोस्टॅट बदलला जातो. वास्तविक तो याच्या अगदी उलट आहे. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की विरोध कमी होणारा एक रोधक असतो. साधारण २० अंशांना त्याचा विरोध सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तो तीनशेच्या आसपास उतरतो. थंड असताना विरोध जास्त, म्हणून व्होल्टेज जास्त. तार तुटली किंवा कपलर निघाला तर विरोध अमर्याद होतो, व्होल्टेज ५ला जाऊन टेकते, आणि संगणकाला वाटते की पाणी उणे ४० अंशांवर गोठले आहे. इंदुरात भर मे महिन्यात स्कॅनरवर उणे ४० दिसले, तर तो तुटलेल्या तारेचा किंवा उघड्या सेन्सरचा आकडा आहे हे ओळखावे.

याची तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला सुटा भाग लागत नाही. चावी ऑन ठेवून, इंजिन बंद असताना स्कॅनरवर पाण्याचे तापमान उघडावे. सेन्सरचा कपलर काढावा. आकडा उणे ४०वर जायला हवा. मग कपलरमधल्या दोन छिद्रांना पातळ तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडावे; आकडा झपाट्याने चढून शंभराच्या बराच वर जायला हवा. दोन्ही वेळा असे झाले, तर तार आणि संगणक दोघेही ठीक आहेत आणि दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या सैल पिनांमध्ये आहे. तारेने जोडूनही आकडा उणे ४०वरच राहिला, तर दोष सेन्सरच्या अलीकडे, तारेत आहे आणि नवा सेन्सर आणून काही होणार नाही. काही गाड्यांतला संगणक दोष कळताच मनाने धरलेले तापमान दाखवू लागतो, तिथे स्कॅनरऐवजी मीटरने कपलरवर ५ व्होल्ट येतात का ते पाहावे. ही युक्ती दोन तारांच्या तापमान-सेन्सरपुरतीच आहे. तीन तारांच्या सेन्सरमध्ये अशी जोडाजोडी केल्यास ५ व्होल्टची तार अर्थला लागून नवाच बिघाड उभा राहील.

याउलट नावात दाब कमी, हवा कमी किंवा ‘रेंज अँड परफॉर्मन्स’ असे शब्द असतील, तर व्होल्टेज शक्यतेच्या मर्यादेत आहे पण परिस्थितीशी जुळत नाही, असे संगणकाचे म्हणणे असते. मावसभावाच्या गाडीचा कोड या जातीचा होता: पी००८७, रेलमधला इंधनाचा दाब फार कमी. कॉमन रेल इंजिनात टाकीतले डिझेल फिल्टरमधून ओढले जाते, हाय प्रेशर पंप ते दाबून रेलमध्ये भरतो, आणि रेलमधून ते इंजेक्टरना मिळते. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना रेलमध्ये सुमारे ३०० बार (बार हे दाबाचे एकक) दाब असतो. भारासह चढण चढताना तो एक हजाराच्या वर जातो. इथे एक ताकीद द्यायलाच हवी. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मिसिंग शोधण्यासाठी चालू इंजिनावर नोझलचा नट सैल करण्याची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये तसे कदापि करू नये. त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि हात गमावण्याची वेळ येते.

रेल प्रेशर सेन्सर, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह आणि रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह असे तीन भाग बदलून झाल्यावर आता पंपच उतरवावा लागेल, असे गॅरेजमधून सांगण्यात आले, तेव्हा भाऊ माझ्याकडे आला. “दादा, पंपाचे पैसे उसने काढायच्या आधी एकदा तू बघ,” एवढेच तो म्हणाला. फ्रीझ फ्रेम सुदैवाने शिल्लक होती: इंजिनाचे फेरे २,६००, भार ९४ टक्के, वेग ताशी ३४ किलोमीटर, पाणी ८६ अंश. म्हणजे इंजिन नीट तापलेले, गाडी भरलेली आणि चढण चालू. धामनोदहून मानपूरकडे चढणाऱ्या घाटातच गाडीची ओढ जाते, हे त्याच्या सांगण्याशी तंतोतंत जुळत होते.

मग एकेक शक्यता तपासली. रात्रभर थांबलेल्या गाडीत चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता रेलचा दाब पाहिला. तो शून्याजवळ होता, जसा असायला हवा. मग इंजिन चालू करून उभ्या गाडीत संगणकाने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. काटा, म्हणजे सेन्सर, आणि चिठ्ठी, म्हणजे तार, यांच्यावरचा संशय इथे बराच कमी झाला. सेल्फ मारताच गाडी थंड असताना आणि गरम असतानाही चटकन सुरू होत होती. इंजेक्टर आतून फार गळत असते तर गरम गाडी सुरू व्हायला त्रास झाला असता. तरी खात्रीसाठी चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून पाहिल्या. चौघांतले डिझेल जवळपास सारखेच भरले. राहिला तो पंप आणि पंपापर्यंत येणारे डिझेल. पंपाला पुरेसे डिझेल मिळत नसेल तर थोड्या मागणीत तो वेळ निभावून नेतो आणि मोठ्या मागणीत उघडा पडतो. फ्रीझ फ्रेममधला घाट हेच सांगत होता.

फिल्टर सर्व्हिसिंगच्या वेळी बदललेला होता. आम्ही फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढून तिच्या जागी हातभर पारदर्शक नळी जोडली. गाडी सुरू करून उभी ठेवली तेव्हा डिझेल स्वच्छ, सलग वाहत होते. भावाने अॅक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर नेले आणि नळीत सोड्याच्या बाटलीत उठावेत तसे बारीक बुडबुडे धावू लागले. पंप डिझेलसोबत हवा ओढत होता. पारदर्शक नळी मग फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावली. बुडबुडे तिथेही तसेच. म्हणजे हवा फिल्टरच्याही आधी शिरत होती. गाडीखाली झोपून टाकीपासूनची रबरी नळी हाताने चाचपत गेलो, तर चासीच्या आडव्या पट्टीवरून ती वळते तिथल्या क्लॅम्पशेजारी नळी वाकवल्यावर केसासारख्या भेगा उघडत होत्या. बाहेर डिझेलचा एक थेंबही नव्हता, आणि म्हणूनच दीड महिना कोणाची नजर तिकडे गेली नव्हती. टाकीपासून पंपापर्यंतची ही बाजू ओढीची आहे. तिथे भेग पडली तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत खेचली जाते.

मीटरभर डिझेलची नळी आणि दोन नवे क्लॅम्प, एवढाच खर्च आला. पण नळी बदलली म्हणजे निदान सिद्ध झाले असे होत नाही. ज्या परिस्थितीत दोष नोंदवला गेला, तीच परिस्थिती पुन्हा उभी करावी लागते. नुसता दिवा विझण्याची वाट पाहणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण सामायिक पद्धतीच्या गाड्यांत दोष दिसेनासा झाल्यावर दिवा तीन चांगल्या फेऱ्यांनंतर आपणहून विझतो, तर कोडची नोंद इंजिन चाळीस वेळा तापून थंड होईपर्यंत आत राहते. आम्ही जुना कोड आणि फ्रीझ फ्रेमचे आकडे वहीत उतरवून घेतले, कोड पुसला, आणि दुसऱ्या दिवशी धामनोदहून नेहमीएवढी भाजी भरून निघालो. भाऊ चालवत होता, मी शेजारी स्कॅनर घेऊन बसलो होतो. गाडी चालवणाऱ्याने हे आकडे पाहण्याच्या भानगडीत पडू नये. घाटात, जिथे पूर्वी संगणकाने १,१५० बार मागितले की सातशेच्या आसपासच मिळत असत, तिथे या वेळी मागितलेला आणि मिळालेला आकडा वीस-तीस बारांच्या फरकाने बरोबरीने चढत राहिला. मानपूरला थांबून पेंडिंग यादी उघडली; ती रिकामी होती. मंडीत माल उतरवल्यावर ती पुन्हा पाहिली, आणि पुढच्या तीन फेऱ्यांनंतर भावाने स्वतःच पाहून मला फोन केला.